आफ्टरमार्केट स्पार्क प्लग

आफ्टरमार्केट स्पार्क प्लग म्हणजे वाहनाच्या इंजिनात कारखान्यात बसवलेल्या मूळ प्लगच्या जागी नंतर बसवण्यासाठी खुल्या बाजारात मिळणारा, वाहन-उत्पादकाच्या वेष्टनाशिवाय विकला जाणारा स्पार्क प्लग होय. पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजी या इंधनांवर चालणाऱ्या इंजिनांत स्पार्क प्लग हा झिजणारा भाग असल्याने तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. त्या वेळी वाहन-उत्पादकाचा प्लग घ्यावा की खुल्या बाजारातील, हा प्रश्न वाहनधारकापुढे उभा राहतो. आफ्टरमार्केट प्लग इंजिनाला योग्य आहे की नाही, हे त्यावरील नावावरून किंवा किमतीवरून ठरत नाही. आट्यांचे माप, पोहोच, बैठक, उष्णता-श्रेणी, फट आणि विद्युतरोध या गोष्टी मूळ प्लगशी जुळतात की नाही, यावरून ते ठरते. या सर्व बाबतींत जुळणारा प्लग मूळ प्लगइतकेच काम देतो. एकाही महत्त्वाच्या बाबतीत न जुळणारा प्लग मात्र पिस्टन, झडपा किंवा सिलिंडर हेड यांचे मोठे नुकसान करू शकतो.

डिझेल इंजिनात इंधन दाबामुळे तापलेल्या हवेत आपोआप पेटते, त्यामुळे त्यात स्पार्क प्लग नसतो. काही डिझेल इंजिनांत असलेला ग्लो प्लग हा थंड इंजिन सुरू करताना ज्वलनकक्ष तापवणारा निराळा भाग आहे.

इतिहास

विद्युत ठिणगीने इंधन-मिश्रण पेटवण्याचा प्रयोग एत्येन लेनवार यांनी १८६० मध्ये पॅरिस येथे आपल्या वायू-इंजिनात यशस्वीपणे केला. मात्र मोटारींसाठी भरवशाची प्रज्वलन-यंत्रणा मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. जर्मनीत रोबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग विकसित केला. या जोडीमुळे वेगाने फिरणाऱ्या इंजिनांना नियमित ठिणगी पुरवणे शक्य झाले.

सुरुवातीच्या प्लगमधील विसंवाहक चिनी मातीचे किंवा अभ्रकाचे असत. ते उष्णतेने तडकत किंवा तेलाने खराब होत, त्यामुळे प्लग वारंवार काढून साफ करावे लागत. पुढे ॲल्युमिनावर आधारित कठीण विसंवाहक वापरात आले आणि प्लगचे आयुष्य वाढले. इंधनातील बदलांचाही प्लगवर परिणाम झाला. शिसेयुक्त पेट्रोलमुळे विसंवाहकाच्या टोकावर शिशाच्या संयुगांचा थर साचत असे. भारतात २००० साली असे पेट्रोल बंद झाल्यावर ही अडचण दूर झाली.

भारतात मोटर इंडस्ट्रीज कंपनी ही १९५१ साली स्थापन झालेली कंपनी ‘मायको’ या नावाने प्लग विकत असे. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. जपानमधील नागोया येथे १९३६ साली स्थापन झालेली एनजीके, तसेच डेन्सो आणि चॅम्पियन ही नावेही भारतीय बाजारात परिचित आहेत.

रचना आणि कार्य

स्पार्क प्लगचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात: वरचे टोक, ज्यावर प्लग कॅप किंवा इग्निशन कॉइल बसते, पांढऱ्या ॲल्युमिनाचा विसंवाहक, पाना लावण्यासाठी षट्कोनी भाग असलेले पोलादी कवच, कवचाच्या खालच्या भागातील आटे, विसंवाहकाच्या मधून खाली येणारा मध्य इलेक्ट्रोड, आणि कवचाला जोडलेला वाकडा भू-इलेक्ट्रोड. दोन्ही इलेक्ट्रोडांमध्ये साधारण ०.६ ते १.१ मिलिमीटर इतकी फट ठेवलेली असते.

बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब इग्निशन कॉइलमध्ये वाढून हजारो व्होल्टपर्यंत, अनेक वाहनांत १५,००० ते ३०,००० व्होल्टपर्यंत पोहोचतो. एवढ्या दाबाखाली फटीतील वायूचे आयनीभवन होते, म्हणजे तो विद्युतवाहक बनतो, आणि ठिणगी पडून हवा व इंधन यांचे मिश्रण पेटते. चार-स्ट्रोक इंजिनाच्या एका सिलिंडरला दर दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते. त्यामुळे मिनिटाला ३,००० फेऱ्या होत असताना प्लगला सेकंदाला २५ आणि तासाला ९०,००० ठिणग्या द्याव्या लागतात. प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडच्या धातूचा अत्यंत सूक्ष्म अंश निघून जातो. कालांतराने कडा गोलसर होतात, फट रुंदावते आणि ठिणगीसाठी अधिक दाब लागू लागतो. प्लग बदलावा लागतो तो मुख्यतः याच कारणामुळे.

ठिणगी देण्याबरोबरच ज्वलनकक्षातील उष्णता सिलिंडर हेडकडे वाहून नेणे हेही प्लगचे काम असते. उष्णता-श्रेणीचा मुद्दा त्यातून उद्भवतो.

मूळ, आफ्टरमार्केट आणि नकली

वाहन-उत्पादक कंपन्या सहसा स्पार्क प्लग स्वतः बनवत नाहीत. प्लग बनवणाऱ्या कंपन्यांकडून ते घेतले जातात व वाहनात बसवले जातात. त्यामुळे एकाच कारखान्यात तयार झालेला प्लग वाहन-उत्पादकाच्या वेष्टनात ‘मूळ सुटा भाग’ म्हणून आणि प्लग-उत्पादकाच्या वेष्टनात आफ्टरमार्केट भाग म्हणून विकला जाऊ शकतो. दोहोंच्या किमतीत फरक असला तरी प्लगवरील सांकेतिक क्रमांक तोच असल्यास वस्तू एकच असते.

बाजारातील बोलीत ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. प्रत्यक्षात तीन बाबी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली, वाहन-उत्पादकाने सुचवलेला प्लग, मग तो कोणत्याही वेष्टनात असो. दुसरी, अन्य कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेला समतुल्य प्लग. तिसरी, प्रसिद्ध कंपनीच्या नावाची व वेष्टनाची नक्कल करून विकलेला बनावट प्लग. पहिल्या दोन बाबी कायदेशीर असून त्यांत निवड करता येते. तिसरी ही फसवणूक आहे.

जुळणीचे निकष

आट्यांचा व्यास

मोटारींत १४ मिलिमीटर व्यासाचे आटे दीर्घकाळ प्रचलित आहेत. नव्या इंजिनांत झडपांना अधिक जागा मिळावी म्हणून १२ मिलिमीटरचे, तर अनेक मोटारसायकलींत १० मिलिमीटरचे प्लग वापरले जातात. व्यास चुकल्यास प्लग बसतच नाही, म्हणून ही चूक लगेच उघड होते. पुढील निकषांतील चुका मात्र प्लग व्यवस्थित बसल्यानंतरही लपून राहू शकतात.

पोहोच

प्लगच्या बैठकीपासून आट्यांच्या टोकापर्यंतच्या लांबीला पोहोच म्हणतात. १२.७ आणि १९ मिलिमीटर या पोहोची विशेष आढळतात. जुन्या व्हेस्पा घराण्यातील दोन-स्ट्रोक स्कूटरांत आखूड पोहोचीचे प्लग असत, तर आजच्या बहुतेक चार-स्ट्रोक इंजिनांत लांब पोहोचीचे असतात. दोहोंचा व्यास १४ मिलिमीटर असल्यास एकाच्या जागी दुसरा फिरवून बसवता येतो आणि धोका तेथेच निर्माण होतो. गरजेपेक्षा लांब प्लग ज्वलनकक्षात पुढे येऊन पिस्टनवर किंवा झडपेवर आपटू शकतो. गरजेपेक्षा आखूड प्लगची ठिणगी खाचेत दबून राहते, आणि सिलिंडर हेडचे उघडे पडलेले आटे कार्बनने भरतात. अशा हेडमध्ये पुढे योग्य लांबीचा प्लग घालू गेल्यास आटे खराब होण्याची शक्यता असते.

बैठक

काही प्लग वॉशरवर बसतात, तर काहींची बैठक शंकूच्या आकाराची असून त्यांना वॉशर लागत नाही. हा प्रकार सिलिंडर हेडच्या घडणीनुसार ठरलेला असतो. शंकूच्या बैठकीला वॉशर लावल्यास किंवा सपाट बैठकीचा वॉशर काढून टाकल्यास वायू गळतो व प्लग अतिशय तापतो.

उष्णता-श्रेणी

उष्णता-श्रेणी म्हणजे प्लगच्या टोकाकडून उष्णता बाहेर जाण्याच्या वेगाचे माप. ती ठिणगीची तीव्रता दर्शवत नाही. विसंवाहकाचे नाक लांब असल्यास उष्णतेला कवचापर्यंत पोहोचण्यास लांबचा मार्ग पडतो आणि टोक तापलेले राहते. अशा प्लगला ‘गरम’ प्लग म्हणतात. नाक आखूड असल्यास उष्णता लवकर निघून जाते. तो ‘थंड’ प्लग होय.

टोकाचे तापमान सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिल्यास त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. ते सुमारे ८५० अंशांच्या पलीकडे गेल्यास तापलेले टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवू लागते. या प्रकाराला पूर्वप्रज्वलन म्हणतात. पिस्टन अजून वर चढत असतानाच ज्वलन सुरू झाल्याने तापमान व दाब झपाट्याने वाढतात, आणि जास्त भाराखाली चालणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या माथ्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. उलट, फार थंड प्लगवर काजळी साचते व ती विजेला पळवाट देते. थंड इंजिन सुरू होण्यास त्रास होतो आणि शहरातील संथ वाहतुकीत गाडी ‘मिसिंग’ करू लागते. थोडक्यात, गरम बाजूची चूक इंजिन मोडू शकते, तर थंड बाजूची चूक बहुधा गाडी बंद पाडते.

फट

फट मूळ मापापेक्षा कमी असल्यास ठिणगी आखूड पडते आणि मिश्रण नीट पेटत नाही. ती जास्त असल्यास कॉइलवर ताण येतो, आणि भाराखाली ठिणगी फटीऐवजी विसंवाहकाच्या बाहेरून कवचाकडे उडू शकते. नवा प्लग योग्य फटीचा असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असले तरी वाहतुकीत धक्का लागून फट बदललेली असू शकते. म्हणून बसवण्यापूर्वी ती फीलर गेजने तपासली जाते.

रोधक

बहुतेक आधुनिक प्लगच्या आत सुमारे ५,००० ओहमचा रोधक असतो. ठिणगीमुळे निर्माण होणारे रेडिओ-लहरींचे उपद्रव तो कमी करतो. इंधन-इंजेक्शन असलेल्या वाहनांत रोधक नसलेला प्लग बसवल्यास केवळ रेडिओत खरखर होत नाही, तर इंजिन-नियंत्रक संगणक व संवेदक यांच्या कामातही व्यत्यय येऊ शकतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे दुचाकींतही इंधन-इंजेक्शन सार्वत्रिक झाले, त्यामुळे हा निकष पूर्वीपेक्षा महत्त्वाचा ठरला आहे.

सांकेतिक क्रमांक

प्रत्येक उत्पादक वरील वैशिष्ट्ये अक्षरे व अंक यांच्या संकेतात नोंदवतो. उदाहरणार्थ, एनजीकेच्या ‘बीपीआर६ईएस’ या प्लगमध्ये ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ‘पी’ म्हणजे पुढे आलेले विसंवाहकाचे टोक, ‘आर’ म्हणजे रोधक, ‘६’ ही उष्णता-श्रेणी, ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर पोहोच आणि ‘एस’ म्हणजे साधा मध्य इलेक्ट्रोड. याच संकेतातील ‘ई’च्या जागी ‘एच’ आल्यास पोहोच १२.७ मिलिमीटर होते. म्हणजे एका अक्षराच्या फरकाने प्लगची लांबी ६.३ मिलिमीटरने बदलते. शेवटी ‘-९’ किंवा ‘-११’ असल्यास फट अनुक्रमे ०.९ किंवा १.१ मिलिमीटर असल्याचे कळते.

या प्लगला डेन्सोचा ‘डब्ल्यू२०ईपीआर-यू’, बॉशचा ‘डब्ल्यूआर७डीसी’ आणि चॅम्पियनचा ‘आरएन९वायसी’ हे प्लग सर्वसाधारणपणे समतुल्य मानले जातात. एकाच उष्णता-श्रेणीसाठी चार कंपन्या ६, २०, ७ आणि ९ असे चार वेगळे अंक वापरतात, हे यावरून दिसते. शिवाय या मोजपट्ट्यांची दिशाही एक नाही. एनजीके व डेन्सो यांच्या पद्धतीत मोठा अंक म्हणजे अधिक थंड प्लग, तर बॉश व चॅम्पियन यांच्या पद्धतीत मोठा अंक म्हणजे अधिक गरम प्लग. त्यामुळे एका कंपनीचा अंक पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग निवडता येत नाही. त्यासाठी प्लग-उत्पादकाने वाहनाच्या नमुन्यानुसार दिलेली यादी किंवा समतुल्यता-तक्ता पाहावा लागतो.

इलेक्ट्रोडचे धातू

साध्या प्लगला बाजारात ‘कॉपर प्लग’ म्हणतात. वस्तुतः त्याच्या मध्य इलेक्ट्रोडचा केवळ गाभा तांब्याचा असतो. ठिणगी सोसणारे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. तांब्याचा गाभा महागड्या प्लगमध्येही सहसा असतो. निकेल सुमारे १,४५५ अंश सेल्सियसला, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना वितळते. इरिडियम कठीण व झीज सोसणारे असल्याने त्याचे टोक अतिशय बारीक ठेवता येते. बारीक टोकावर कमी व्होल्टमध्ये ठिणगी पडते आणि ज्वाळेच्या वाढीस अडथळाही कमी होतो.

इरिडियम प्लग बसवल्याने गाडीची शक्ती किंवा ॲव्हरेज लक्षणीयरीत्या वाढते, असा समज प्रचलित आहे. सुस्थितीतील साध्या प्लगच्या तुलनेत असा फरक सहसा जाणवत नाही. झिजलेला प्लग काढून नवा बसवल्याने जी सुधारणा दिसते, तिचे श्रेय पुष्कळदा नव्या धातूला दिले जाते. मौल्यवान धातूच्या प्लगचा खरा लाभ दीर्घ आयुष्य हा आहे. मोटारीतील साधे प्लग साधारणतः काही दशहजार किलोमीटर टिकतात, तर इरिडियम किंवा प्लॅटिनमचे प्लग अनेक वाहनांत १,००,००० किलोमीटरपर्यंत चालतात. जेथे प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचे इतर भाग उघडावे लागतात, तेथे ही बाब खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. ज्या इंजिनासाठी इरिडियम प्लग सुचवलेला आहे, तेथे साधा प्लग बसवल्यास तो लवकर झिजतो व मूळ वेळापत्रक पाळता येत नाही.

काही इंजिनांत एकच कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते. अशा यंत्रणेत निम्म्या प्लगांमध्ये विजेचा प्रवाह उलट दिशेने वाहतो, त्यामुळे त्यांचा भू-इलेक्ट्रोड अधिक झिजतो. यासाठी दोन्ही इलेक्ट्रोडांवर मौल्यवान धातू असलेले प्लग दिलेले असतात. त्यांच्या जागी एकाच इलेक्ट्रोडवर प्लॅटिनम असलेला स्वस्त प्लग पूर्ण आयुष्य देत नाही.

बदलण्याची वेळ आणि प्लगची पाहणी

प्लग बदलण्याचे अंतर वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्याआधीही इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, स्लो रनिंगमध्ये थरथर होणे, वेग घेताना धक्के बसणे किंवा इंधनाचा खप वाढणे ही लक्षणे दिसल्यास प्लग तपासले जातात. मिसिंग करणाऱ्या सिलिंडरातील न जळलेले इंधन सायलेन्सरच्या मार्गातील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन जळते. परिवर्तक त्यामुळे अतिशय तापून कायमचा निकामी होऊ शकतो, आणि त्याची किंमत प्लगच्या अनेक पटींनी अधिक असते.

काढलेल्या प्लगच्या टोकावरून इंजिनाच्या स्थितीचा अंदाज येतो:

- फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक: ज्वलन योग्य व उष्णता-श्रेणी बरोबर.
- कोरडी काळी काजळी: मिश्रणात इंधन जास्त, हवेचा फिल्टर चोंदलेला किंवा प्लग फार थंड.
- ओलसर, तेलकट काळा थर: पिस्टनच्या रिंगांवरून किंवा झडपांच्या सीलमधून तेल ज्वलनकक्षात येत आहे.
- पांढरे, फोड आल्यासारखे टोक: प्लग फार गरम, मिश्रणात इंधन कमी किंवा इंजिन अतितप्त.
- तुटलेले किंवा तडकलेले विसंवाहक: हादरलेली ज्वलनक्रिया, किंवा बसवताना लागलेला धक्का.

कवचाच्या वरच्या कडेजवळ विसंवाहकावर दिसणारे तपकिरी वलय अनेकदा वायुगळतीचे चिन्ह समजले जाते. बहुधा ते उच्च विद्युतदाबामुळे आकर्षित झालेल्या धूळ व तेलकणांचे असते व निरुपद्रवी असते. मात्र तेलकट काजळीसारख्या दोषाचे मूळ इंजिनात असल्यास केवळ प्लग बदलून तो जात नाही. नवा प्लगही थोड्याच दिवसांत तसाच होतो.

दोन-स्ट्रोक स्कूटरांच्या काळात इंधनात मिसळलेल्या तेलामुळे प्लगवर कार्बन वारंवार साचत असे. डिकीत प्लग पाना व जादा प्लग बाळगणे आणि पॉलिश पेपरने प्लग घासणे ही तेव्हाची नेहमीची बाब होती. आधुनिक प्लगांसाठी असे घासणे अयोग्य मानले जाते. त्याने विसंवाहकावर धातूचे कण चिकटतात आणि इरिडियमचे बारीक टोक मोडू शकते.

बदलण्याची पद्धत

प्लग बदलण्याचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर केले जाते. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढल्यास आटे प्लगबरोबर निघून येण्याचा धोका असतो. कामाचा सर्वसाधारण क्रम असा:

१. प्रज्वलन बंद करून प्लग कॅप किंवा कॉइल काढतात. कॅप ओढताना वायर न धरता कॅपच धरतात.
२. प्लगभोवतीची धूळ व वाळू हवेच्या झोताने उडवतात, अन्यथा ती प्लग निघताच सिलिंडरात पडते.
३. योग्य मापाच्या प्लग पान्याने प्लग सरळ रेषेत फिरवून काढतात. अनेक सिलिंडर असल्यास काढलेले प्लग क्रमाने ठेवतात, म्हणजे दोष कोणत्या सिलिंडरात आहे हे कळते.
४. जुना व नवा प्लग शेजारी धरून पोहोच, बैठक आणि टोकाची लांबी पडताळतात.
५. फीलर गेजने फट तपासतात. गरज पडल्यास केवळ भू-इलेक्ट्रोड हळुवार वाकवतात. बारीक टोकाच्या मध्य इलेक्ट्रोडवर जोर देत नाहीत.
६. नवा प्लग प्रथम हातानेच आट्यांत फिरवतात. सुरुवातीलाच अडखळल्यास तो बाहेर काढून पुन्हा सरळ लावतात.
७. शेवटी टॉर्क पान्याने ठरलेल्या बळाने घट्ट करतात व कॅप किंवा कॉइल परत बसवतात.

ॲल्युमिनियमच्या हेडसाठी वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर इतके बळ पुरते. शंकूच्या बैठकीच्या १४ मिलिमीटरच्या प्लगला १० ते २० न्यूटन-मीटर पुरेसे असते. वाहनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच प्रमाण मानला जातो. टॉर्क पाना नसल्यास नवा वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून पुढे पान्याने सुमारे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा दिला जातो. शंकूच्या बैठकीला सुमारे एक षोडशांश फेरा पुरतो. कमी घट्ट केलेल्या प्लगची उष्णता हेडकडे नीट जात नाही, त्यामुळे योग्य श्रेणीचा प्लगही अतितप्त होतो. जास्त घट्ट केल्यास आटे किंवा कवच ताणले जाते.

अनेक प्लगांच्या आट्यांवर गंजरोधक मुलामा असल्याने ग्रीस किंवा तत्सम लेप लावू नये, असे उत्पादक सुचवतात. लेपामुळे घर्षण कमी होते आणि तोच टॉर्क लावूनही प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. हातातून जमिनीवर पडलेल्या प्लगच्या विसंवाहकाला न दिसणारी चीर गेलेली असू शकते, म्हणून तो वापरला जात नाही.

भारतीय वाहनांतील विशेष बाबी

प्लगांची संख्या सिलिंडरांइतकीच असेल असे नाही. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने २००३ मध्ये पल्सर मोटारसायकलीत आणलेल्या डीटीएस-आय तंत्रात एका सिलिंडरला दोन प्लग होते. २०१२ मध्ये आलेल्या पल्सर २०० एनएसमध्ये एका सिलिंडरला तीन प्लग देण्यात आले. होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरांसाठी आठ प्लग होते. अशा वाहनांत सहज हाताला येणारा प्लग बदलून आतील बाजूचा तसाच सोडला जाण्याची शक्यता असते. एका प्लगवरही इंजिन चालत राहते, म्हणून दोष पटकन लक्षात येत नाही. ज्वलन मात्र अपुरे राहते. सर्व प्लग एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलणे हा यासाठीचा नियम आहे.

मुंबई, पुणे आदी शहरांतील रिक्षा, टॅक्सी व अनेक खासगी मोटारी सीएनजीवर चालतात. हे इंधन पेटवण्यासाठी पेट्रोलपेक्षा अधिक विद्युतदाब लागतो. त्यामुळे फट रुंदावल्याचा परिणाम सीएनजीवर आधी दिसतो. तीच गाडी पेट्रोलवर सुरळीत आणि सीएनजीवर मिसिंग करत असल्यास प्रथम प्लगकडे पाहिले जाते. सीएनजी वाहनांत प्लग बदलण्याचे अंतर व फट यांसाठी वाहनाच्या किंवा गॅस-किटच्या पुस्तिकेतील स्वतंत्र सूचना पाळाव्या लागतात.

नकली प्लग

स्पार्क प्लग लहान, मागणी असलेला आणि वेष्टनावरून विकला जाणारा भाग असल्याने त्याची नक्कल सोपी असते. बनावट प्लगमध्ये रोधक नसणे, विसंवाहकाची उष्णता-श्रेणी छापलेल्या क्रमांकाशी न जुळणे किंवा इरिडियमऐवजी साधा धातू असणे असे दोष संभवतात. विसंवाहकावरील अस्पष्ट छपाई, मध्य इलेक्ट्रोडच्या बरोबर समोर न येणारा भू-इलेक्ट्रोड, खडबडीत आटे, सहज गळून पडणारा वॉशर आणि बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत ही संशयाची चिन्हे मानली जातात. तथापि उष्णता-श्रेणी डोळ्यांनी निश्चितपणे ओळखता येत नाही. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह खरेदी करणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. पावती असल्यास पुढे तक्रार करणेही शक्य होते.

वॉरंटी आणि कायदा

आफ्टरमार्केट भाग वापरल्यास वाहनाची वॉरंटी आपोआप रद्द होते, असा सार्वत्रिक समज आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, विशिष्ट नावाचाच सुटा भाग वापरण्याच्या अटीवर वॉरंटी देण्यास सामान्यतः मनाई आहे. तो भाग विनामूल्य दिल्यास किंवा विशेष सूट मिळाल्यास अपवाद होतो.

भारतात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुट्या भागांच्या बाजारपेठेविषयी महत्त्वाचा आदेश दिला. खुल्या बाजारात सुटे भाग व दुरुस्तीविषयक माहिती उपलब्ध करून न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. स्वतंत्र दुरुस्ती-केंद्राची सेवा घेतल्यास वॉरंटी रद्द होईल अशी सरसकट अट घालू नये, असेही आयोगाने सांगितले. बाहेरील सदोष दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीपुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा त्यामागील विचार होता. या आदेशाविरुद्ध काही कंपन्यांनी अपिले केली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. वाहन-उद्योगाचा त्यात समावेश आहे.

मात्र चुकीच्या पोहोचीच्या किंवा उष्णता-श्रेणीच्या प्लगमुळे पिस्टन निकामी झाल्यास त्या नुकसानीची भरपाई वॉरंटीत मिळण्याची अपेक्षा करता येत नाही. बसवलेल्या प्लगचा सांकेतिक क्रमांक, खरेदीची पावती आणि बदलतेवेळचे किलोमीटर यांची नोंद ठेवणे वाहनधारकाच्या हिताचे असते. पुढचा प्लग निवडतानाही हीच नोंद उपयोगी पडते.

हेही पाहा

- अंतर्ज्वलन इंजिन
- दोन-स्ट्रोक इंजिन
- इग्निशन कॉइल
- उत्प्रेरकी परिवर्तक
- भारतीय स्पर्धा आयोग